‘टाकी’ हा शब्द इंग्रजी ‘टँक’वरून आला आहे का?

तुम्ही लिहिलंय की सोसायटीच्या फलकावर ‘पाण्याची टाकी’ लिहिलं, तर एका सभासदांनी ते खोडून ‘जलकुंभ’ करायला लावलं. टाकी म्हणजे ‘टँक’चा अपभ्रंश, असं त्यांचं म्हणणं. मी नाशिकचा. सुट्टीच्या दिवशी किल्ल्यांवर गाळ उपसायला जाणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे या शब्दाशी माझा रोजचा संबंध येतो. माझं उत्तर स्पष्ट आहे: टाकी मराठीच आहे, खोडायची काही गरज नव्हती.

मराठीत टाकी म्हणजे आधी पाथरवटाची छिन्नी. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ या म्हणीतली टाकी तीच. पाटा-वरवंटा किंवा जातं गुळगुळीत झालं की आपण त्याला टाकी लावून घेतो, तीही तीच. संस्कृतात या हत्याराला ‘टंक’ म्हणतात. या टाकीने खडक खोदून पाणी साठवायला जी जागा केली ते टाकं, ही मला सर्वांत सरळ वाटणारी व्युत्पत्ती आहे.

नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्यावर याचा प्रत्यय येतो. टाक्यातला गाळ खालपर्यंत निघाला आणि भिंती पाण्याने धुतल्या की काळ्या कातळावर तिरक्या, एकमेकींना समांतर अशा रेघा दिसू लागतात. त्यांवरून बोट फिरवलं तर प्रत्येक घाव वेगळा लागतो, आणि कोपऱ्यात कारागिराने हात बदलला की रेघांची दिशाही बदलते. हा बसाल्ट आहे, मऊ दगड नव्हे. शिवाय खोदून निघालेला दगड वाया जात नसे, तो तटाला आणि वाड्यांच्या जोत्यांना वापरत. पाण्याची सोय आणि बांधकामाचा दगड, दोन्ही एकाच खड्ड्यातून. 1682 पासून मुघलांनी वेढा घातला तरी हा लहानसा गड काही वर्षं झुंजला. टाक्यांत पाणी नसतं तर तटबंदी कितीही भक्कम असून उपयोग नव्हता.

वस्तू तर शब्दाहूनही जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यात दहाव्या लेण्याच्या ओसरीत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लेख आहे. गोवर्धनाजवळ त्रिरश्मी डोंगरात हे लेणं आणि या ‘पोढी’ आपण करवल्या, असं त्यात म्हटलंय. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. सुमारे 1900 वर्षांपूर्वीची गोष्ट. ‘पोढी’ हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातून गेला, टाकं राहिलं.

आता ‘टाकं’ आणि ‘टाकी’ यांतला फरक. गडावर ‘सात टाकी’ असतात, गच्चीवर ‘दोन टाक्या’. पहिलं नपुंसकलिंगी टाक्याचं अनेकवचन, दुसरं स्त्रीलिंगी टाकीचं. तसंच ‘टाक्यातलं पाणी’ म्हणजे कातळातलं आणि ‘टाकीतलं पाणी’ म्हणजे नळाला येणारं. हंडा-हंडी, डबा-डबी यांसारखंच मोठ्या वस्तूवरून छोटीचं नाव झालं असावं. लोखंडी पत्र्याच्या टाक्या इंग्रजी अमलात आल्या, तेव्हा कानाला सारखा लागणारा ‘टँक’ या रूपाला पोषक ठरला असेल, हे मी मान्य करतो. पण पोषक ठरणं वेगळं आणि जन्म देणं वेगळं.

इंग्रजी ‘टँक’ची वाट उलटी आहे. तो शब्द इंग्रजीत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शिरला तो हिंदुस्थानातूनच, आणि तेव्हा त्याचा अर्थ होता तलाव किंवा हौद. हैदराबादेत हुसेनसागराच्या बांधाला टँक बंड म्हणतात, त्यात तो जुना अर्थ अजून टिकून आहे. मागे मराठी ‘टांकें’, गुजराती ‘टांकुं’ आहेत. सोबत पोर्तुगीज ‘तांके’ही आहे. तो त्यांचा स्वतःचा शब्द, पाणी अडवणं या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या 1886 च्या कोशानेही याला एक भारतीय आणि एक युरोपीय असं दुहेरी मूळ सांगितलंय. मलाही तेच पटतं. म्हणजे सगळं श्रेय आपलंच, असं म्हणणं बरोबर होणार नाही. रणगाड्याला टँक म्हणतात ते पहिल्या महायुद्धात गुप्तता राखण्यासाठी: या पाण्याच्या टाक्या आहेत अशी हूल उठवली होती. सप्टेंबर 1916 मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ते पहिल्यांदा उतरले आणि नाव कायमचं चिकटलं.

खरोखर बाहेरून आलेले शब्द शोधायचे तर पिंप पाहा, ते पोर्तुगीज ‘पीपा’. हौद अरबी. दोन्ही आता इतके घरचे झालेत की त्यांनाही कोणी खोडू नये.

गैरसमज होण्याचं एक कारण लेखनातही आहे. पूर्वी ‘टांकी’, ‘टांकें’ असं अनुस्वारासह लिहीत, त्यामुळे ‘टंक’शी असलेलं नातं डोळ्यांना दिसायचं. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले आणि हा धागा कागदावरून गेला. नाणी पाडण्याच्या जागेला मात्र अजून बरेच जण टांकसाळच लिहितात. आमच्या जिल्ह्यात चांदवडला होळकरांची होती, तिथले चांदवडी रुपये प्रसिद्ध होते. त्या शब्दातही टंकच आहे, इथे ठसा उमटवलेलं नाणं या अर्थाने.

‘जलकुंभ’ शब्द वाईट नाही. महापालिका उंच खांबांवरच्या टाकीला तोच वापरते आणि तिथे तो शोभतो. तुमच्या गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या टाकीला त्याची गरज नाही. त्या सभासदांना हे उत्तर वाचायला द्या आणि पुढच्या सूचनेत बिनदिक्कत लिहा: ‘टाकी धुण्यासाठी रविवारी सकाळी पाणी बंद राहील.’