शिंकेबरोबर लघवी होते, सहावा महिना आहे: व्यायाम कसा करायचा

शिंक आली की थोडी लघवी होते, सासूबाई म्हणतात "दिवसांत असं व्हायचंच", आणि व्हिडिओतली बाई लघवी मध्येच अडवायला सांगते, तर नक्की काय करू, असं विचारलंयस. सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. पुष्कळजणींना होतं. पण म्हणून पॅड लावून गप्प बसायचं कारण नाही, यावर व्यायामाचा खरंच उपयोग होतो. आत्ता केलास तर बाळंतपणानंतरही.

पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत खालचे स्नायू झोळीसारखे ताणलेले असतात. मूत्राशय, गर्भपिशवी, गुदाशय, सगळ्यांचा भार त्यांच्यावर. त्यात बाळाचं वजन वाढतं आणि हार्मोन्समुळे सैलपणा येतो. सीझर झालं की हा प्रश्नच नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. नऊ महिने भार तर पडलेलाच असतो.

लघवी अडवायचा प्रकार रोज नको. स्नायू कुठला ते कळावं म्हणून एखाद वेळी ठीक. सवय लावलीस तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, आणि गरोदरपणात इन्फेक्शन तसंही पटकन होतं.

त्यापेक्षा खुर्चीत ताठ बस, पाय जमिनीवर टेकव. चारचौघांत गॅस अडवतो तसं मागचं द्वार आवळ, मग तोच ताण पुढे लघवीच्या जागेपर्यंत आण आणि आत-वर उचल. एक हात पोटावर ठेव. पोट टणक झालं, मांड्या जवळ आल्या किंवा खुर्चीतून इंचभर वर उचलली गेलीस, तर भलतेच स्नायू काम करतायत. श्वास चालू हवा. हळू आवाजात आकडे मोजलेस की तो आपोआप चालू राहतो. सुरुवातीला तीन-चार सेकंद धर, पुढे जमेल तसं दहापर्यंत ने. मग तेवढाच वेळ पूर्ण सोड. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि शेवटी थोडे झटपट आवळ-सोड. पुण्यात वनाजहून मेट्रोने जातेस ना? नळस्टॉपला सुरू केलंस तर डेक्कनच्या आसपास एक फेरी होते, शेजारचीला पत्ताही लागत नाही.

सोडण्याकडे मात्र कुणी लक्षच देत नाही, आणि माझ्या मते निम्मा व्यायाम तोच आहे. बाळ बाहेर येताना हे स्नायू आवळायचे नसतात, ढिले सोडायचे असतात. म्हणून शेवटच्या महिन्यांत श्वास सोडताना खालचा भाग ढिला सोडायची वेगळी सवय कर. आधीपासूनच तिथे दुखत असेल, संबंधांच्या वेळी त्रास होत असेल किंवा शी करताना फार जोर लावावा लागत असेल, तर स्नायू सैल नसून आखडलेलेही असू शकतात. मग आवळत बसू नकोस, आधी स्त्रियांच्या तक्रारी बघणाऱ्या फिजिओला दाखव. पुण्यात असे फिजिओ आहेत, तुझ्या डॉक्टरांनाच नाव विचार. लाजू नकोस, त्यांना यात नवीन काही नाही.

आणि शिंकेचं म्हणशील तर शिंक येतेय असं वाटताक्षणी आधी आवळ, मग शिंक. खोकल्यालाही तेच, बाजाराची पिशवी उचलतानाही. सवय व्हायला वेळ लागतो, पण फरक लवकर कळतो तो इथेच.

योगाच्या क्लासला जात असशील तर तिथला मूलबंध हा प्रकार जवळपास याच भागाचा व्यायाम आहे, पण श्वास रोखायला सांगितला तर तो भाग सोडून दे.

एक गोष्ट मात्र थांबून बघायची नाही. आवळूनही न थांबणारं, सतत झिरपणारं, लघवीचा वास नसलेलं पाणी असेल तर ते गर्भजल असू शकतं. लगेच डॉक्टरांना फोन कर, रात्र असली तरी. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर लघवीची तपासणी करून घे.

बाळंतपणानंतर, टाके असले तरी, दुखत नसेल तर पडल्यापडल्या हलके हलके सुरू करता येतं. लघवीची नळी लावलेली असेल तर ती काढल्यावर.