नुसती रचना बघून कार्बोहायड्रेट, लिपिड, प्रोटीन आणि न्यूक्लिक ॲसिड ओळखायला नवीन मुलांना कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलांना चौघांची नावं, कामं सगळं पाठ आहे पण आकृती समोर आली की अडतात. माझ्या वर्गात पण हेच व्हायचं आणि कारण लक्षात यायला मला फार वेळ लागला, मुलं अणू बघतच नव्हती, आकार बघत होती. षटकोन दिसला की साखर! कोलेस्टेरॉल, म्हणजे खरं तर लिपिड, दाखवलं तरी कार्बोहायड्रेट, का तर रिंगा आहेत.

आता मी आधी विचारते, रिंगच्या कोपऱ्यांवर कोण बसलंय? ग्लुकोजच्या रिंगमध्ये 5 कार्बन आणि 1 ऑक्सिजन, वर बाहेरून सगळीकडे ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) लागलेले. कोलेस्टेरॉलच्या चारही रिंगा निव्वळ कार्बनच्या, अख्ख्या रेणूत 27 कार्बन आणि ऑक्सिजन फक्त एक. दोन्ही शेजारी ठेवून ऑक्सिजन मोजायला लावा, लिपिडमध्ये तो इतका कमी असतो हे मग सांगावं लागत नाही, मुलंच सांगतात. पण त्याआधी एक करा, नागमोडी रेषेच्या प्रत्येक कोपऱ्यावर आणि टोकाला न लिहिलेला कार्बन असतो हे हाताने लिहून घ्या, नाहीतर फॅटी ॲसिडची, म्हणजे लिपिडमधल्या लांब कार्बन साखळीची, शेपटी त्यांना नुसती रेघच वाटते.

प्रोटीनसाठी मुख्य साखळीवर बोट ठेवून वाचायचं, नायट्रोजन कार्बन कार्बन, परत नायट्रोजन कार्बन कार्बन, आणि दर दुसऱ्या कार्बनवर डबल बाँडने ऑक्सिजन. साइड चेनमध्ये, म्हणजे मुख्य साखळीला बाजूने लागलेल्या गटात, रिंग असो की सल्फर असो, सुरुवातीला तिकडे बघायचंच नाही. न्यूक्लिक ॲसिड त्यामानाने सोपं, फॉस्फेट, पंचकोनी साखर, नायट्रोजनवाला बेस (नायट्रोजन असलेली रिंग).

मी पूर्वी 'नायट्रोजन म्हणजे प्रोटीन, फॉस्फरस म्हणजे न्यूक्लिक ॲसिड' असा शॉर्टकट द्यायचे, तो प्लीज देऊ नका. कायटिन (कीटकांच्या कवचातला पदार्थ) कार्बोहायड्रेट असून त्यात नायट्रोजन आहे, फॉस्फोलिपिडमध्ये (पेशीच्या पडद्यातलं लिपिड) तर फॉस्फरस आहेच. फॉस्फेट दिसलं की शेजारी काय आहे ते बघायला शिकवा, दोन लांब शेपट्या की साखर आणि बेस.

आणि टेस्टमध्ये पुस्तकातली आकृती तशीच न देता फिरवून द्या, ज्या अणूंवरून ओळखलं त्यांना गोल करायला सांगा, मी मार्क त्या गोलालाच देते.