फोरेज वॅगन घेताना आधी अंतर मोजा

फोरेज वॅगन म्हणजे कापून पडलेलं गवत उचलून, त्याचे तुकडे करून भरून नेणारी ट्रॉली. तिच्यात किती मावतं, तो घनमीटरचा आकडा नंतर. आधी शेतापासून सायलेजच्या (हवाबंद दाबून मुरवलेल्या चाऱ्याच्या) खड्ड्यापर्यंतचं अंतर मोजा, कारण वॅगन रस्त्यावर असते तेवढा वेळ गवत उचलणं बंद. अंतर लांब असेल तर शेतात चालणारं कुट्टी मशीन आणि वेगळ्या ट्रॉल्याच बऱ्या.

मग वॅगनमधली कापायची पाती. सगळी लावल्यावर तुकडा साधारण 35–45 मिमीचा पडावा. लांब राहिला तर खड्ड्यात नीट दाबला जात नाही, हवा अडकते, बुरशी धरते. प्रत्येक पात्याला स्वतंत्र स्प्रिंग आहे ना, हे हात लावून बघा: दगड आला की तेवढंच पातं मागे सरकतं. बोथट पातं गवत कापत नाही, चिंधड्या करतं आणि डिझेल खातं, म्हणून पाती पटकन काढता आली पाहिजेत.

ट्रॅक्टर निवडताना ओढण्याइतकाच ब्रेकचाही विचार करा. ओलं गवत फार जड भरतं.