पाणथळ वाचवायची, तर आधी पाण्याची वाट राखा

प्रश्न : आमच्या इमारतीमागच्या तलावात दर हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात. मात्र हा तलाव नैसर्गिक नसून रस्त्याच्या भरावामुळे साचलेले पाणी आहे, त्यामुळे त्याला कायद्याचे संरक्षण मिळत नाही, असे सांगितले जाते. हे खरे आहे का? (वाचक, सीवूड्स)

हा युक्तिवाद वारंवार केला जातो आणि अनेक सोसायट्या तो ऐकून गप्प बसतात. 2017 च्या पाणथळ जागाविषयक नियमांत मानवनिर्मित जलाशयांना सरसकट वगळलेले नाही. पिण्याचे पाणी, मत्स्यशेती, मीठ, करमणूक किंवा सिंचन अशा कामांसाठी खास बांधलेले जलाशय तेवढे वगळले आहेत. रस्त्याच्या भरावाने अडलेले खाडीचे पाणी अशा कोणत्याही कामासाठी बांधलेले नसते. याच नियमांनी किनारा नियमन क्षेत्रातील (सीआरझेड) जागाही आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत, कारण तेथे किनारा नियमनाची स्वतंत्र अधिसूचना लागू होते. म्हणून पहिले काम म्हणजे आपला तलाव किनारा क्षेत्राच्या मंजूर नकाशावर कोठे येतो, ते पाहणे. दुसरे काम म्हणजे राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात त्याची नोंद आहे का, हे तपासणे. या संग्रहातील 2.25 हेक्टरपेक्षा मोठ्या 2,01,503 पाणथळ जागांना संरक्षणाची तत्त्वे लागू करावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2017 मध्ये सांगितले आहे.

कायद्याइतकेच महत्त्व या तलावाच्या कामाला आहे. ओहोटीच्या वेळी फ्लेमिंगो ठाणे खाडीच्या उघड्या चिखलावर शेवाळ गाळून खातात. भरती चढू लागली की तो चिखल पाण्याखाली जातो आणि हजारो पक्ष्यांना पाय टेकतील एवढ्याच खोलीचे पाणी शोधावे लागते. नवी मुंबईत नेरुळचे एनआरआय, टी. एस. चाणक्य आणि डीपीएस हे तलाव त्यांना तशी जागा देतात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 6 ऑगस्ट 2015 रोजी अधिसूचित झाले आणि 2022 मध्ये या खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. तरीही भरतीच्या वेळची ही आश्रयस्थाने अभयारण्याच्या रेषेबाहेर राहिली. पक्ष्यांच्या दृष्टीने खाडी आणि तलाव हे एकच घर आहे, आणि निवेदनात सर्वांत आधी हेच मांडावे. पक्षी सुंदर दिसतात, हे अधिकाऱ्यांना माहीत असते. तलाव गेला तर अभयारण्यही अपुरे पडते, हे त्यांच्यासमोर कागदावर यायला हवे.

प्रश्न : तलावात भरतीचे पाणी आणणारी मोरी बुजली आहे. तक्रार केली की ‘जागेवर पाहणी केली, पाणी आढळले’ असे उत्तर येते. पुरावा कसा गोळा करावा? (वाचक, नेरुळ)

पाणथळीवर डंपरने भराव टाकला तर तो लोकांच्या नजरेत येतो. पाण्याची वाट बंद केली तर महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मग कोरड्या पडलेल्या जागेकडे बोट दाखवून ‘ही पाणथळ नाहीच’ असे म्हणता येते. एप्रिल 2024 मध्ये नेरुळच्या डीपीएस तलावाजवळ फ्लेमिंगो मृत आणि जखमी अवस्थेत सापडले, तेव्हा तलावाकडे येणारे भरतीचे पाणी अडल्याचा मुद्दा ऐरणीवर आला. रहिवासी आणि पर्यावरण कार्यकर्त्यांनी मानवी साखळ्या केल्या, निवेदने दिली आणि विषय विझू दिला नाही. एप्रिल 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने सुमारे 30 एकरांचा हा तलाव संवर्धन राखीव (वन्यजीव कायद्याखालील संरक्षित क्षेत्र) म्हणून घोषित करण्यास मंजुरी दिली.

पाहणीचा एक फोटो काहीही सिद्ध करत नाही, कारण पावसाचे किंवा सांडपाण्याचे पाणीही तलावात साचलेले असू शकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचा, उधाणाच्या भरतीचा दिवस निवडा. मोरीच्या खाडीकडील आणि तलावाकडील अशा दोन्ही तोंडांशी, सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी उभी करून, भरतीच्या तासभर आधी, ऐन भरतीला आणि नंतर ओहोटीला छायाचित्रे घ्या. खाडीकडच्या काठीवर पाणी चढत गेले आणि तलावाकडच्या काठीवर हललेही नाही, तर वाट बंद असल्याचा याहून स्पष्ट पुरावा लागत नाही. छायाचित्रावर वेळ व ठिकाण उमटेल अशी सोय करा आणि त्या दिवसाचे भरतीचे वेळापत्रक सोबत जोडा. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल पाहिलेली वेळ आज चालत नाही. जुनी उपग्रह छायाचित्रेही जोडावीत.

मोरी कोणी बांधली, तिच्या देखभालीची जबाबदारी कोणाची आणि शेवटची साफसफाई केव्हा झाली, हे माहिती अधिकाराच्या अर्जात विचारा. उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, त्याच्या कायद्याच्या कलम 14 खालील अर्ज कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. उशिरासाठी पुरेसे कारण दाखवले, तरच आणखी 60 दिवस मिळू शकतात. ‘आधी सगळ्या कार्यालयांची उत्तरे येऊ द्या’ असे म्हणता म्हणता अनेक चांगली प्रकरणे या मुदतीत अडकली आहेत.

तलावाच्या कडेला तिवरे, म्हणजे खारफुटी, असतील, तर आणखी एक आधार आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये खारफुटीची तोड हा जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला ठरवला आणि खारफुटीभोवती 50 मीटरचा पट्टा राखण्यास सांगितले. भरतीचे पाणी तोडून खारफुटी सुकवणे हाही तिचा नाशच आहे, असे तक्रारीत स्पष्ट लिहावे.

प्रश्न : राखीव क्षेत्र झाले की आमच्या होड्या आणि मासेमारी बंद होणार का? (वाचक, ऐरोली)

ही भीती अनाठायी म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. खारफुटीचे महत्त्व कोळीवाड्यांना शहरवासीयांच्या कितीतरी आधी ठाऊक होते. निवट्या, चिंबोऱ्या आणि कोळंबी तिथेच वाढतात, आणि भरावाची झळ पहिल्यांदा कोळ्यांच्याच जाळ्यांना बसते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 36 अ नुसार संवर्धन राखीव घोषित करण्यापूर्वी स्थानिक समुदायांशी सल्लामसलत करणे आवश्यक आहे. मात्र व्यवस्थापन समितीच्या मूळ रचनेत स्थानिक प्रतिनिधी म्हणून ग्रामपंचायतीचा उल्लेख येतो. महापालिका हद्दीतील कोळीवाड्याने आपोआप जागा मिळेल असे गृहीत धरू नये. होड्यांचे मार्ग, जाळी लावण्याच्या जागा आणि हंगाम नकाशावर दाखवून सल्लामसलतीच्या टप्प्यावरच लेखी द्यावेत. सोसायट्यांनीही कोळीवाड्याला नंतर सहीसाठी न बोलावता पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे.

प्रश्न : येऊरमध्ये रात्री उशिरापर्यंत प्रखर दिवे आणि ध्वनिक्षेपक चालू असतात. काय करता येईल? (वाचक, ठाणे पश्चिम)

रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. त्यासाठी 112 वर तक्रार करून तिचा क्रमांक जपून ठेवावा. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगत आहे आणि या उद्यानाभोवतीचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र 5 डिसेंबर 2016 रोजी अधिसूचित झाले आहे. त्यामुळे महापालिका आणि पोलिसांबरोबरच या क्षेत्राच्या संनियंत्रण समितीकडेही तक्रार द्यावी आणि तीत जिथे हे दिवे आणि ध्वनिक्षेपक चालतात, त्या बांधकामाला परवानगी आहे का, हा प्रश्न विचारावा. आवाज एका रात्रीपुरता थांबवता येतो, पण परवानगी नसलेले बांधकाम तसेच राहिले तर त्रास पुन्हा सुरू होतो. तक्रारीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासी पाड्यांचा आणि व्यावसायिक टर्फ-हॉटेलांचा उल्लेख एकाच ओळीत करू नये, कारण ढोबळ तक्रारीवर कारवाई झाली तर हातोडा प्रथम गरिबाच्या घरावर पडतो.