हुशार मूल कुठूनही वर येतं, मग समाजशास्त्र शिक्षणातल्या विषमतेचं कारण घरच्या सामाजिक वर्गात का शोधतं?

'मेहनत केली की होतं सगळं' हे मी दर चतुर्थीला मावशीच्या घरी ऐकत आले आहे, म्हणून लिहिते.

माझी ताई गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या गावातून दहावीला डिस्टिंक्शन घेऊन पास झाली. पणजी शहरात राहणारा मावसभाऊ त्याच वर्षी, तिच्याहून बऱ्याच कमी गुणांनी. ताईला सायन्स घ्यायचं होतं. बाबा लोकांच्या काजूच्या बागायतीत राबायचे. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला: दोन बसचं भाडं, ट्यूशन, प्रॅक्टिकल लांबून शेवटची कदंब बस चुकली तर पोर राहणार कुठं, बारावीत अडकली तर पुढं काय. हिशेबात खोट नव्हती. ताई जवळच्या हायर सेकंडरीत आर्ट्सला गेली. मावसभाऊ सायन्सला गेला, बारावीला नापास झाला, पुन्हा बसला. आज इंजिनिअर आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ रेमों बुदों यांनी १९७३ साली हेच मांडलं. घरच्या परिस्थितीमुळे गुण कमी पडतात, हा एक भाग. पण गुण सारखे असले तरी गरीब घर जवळची, कमी धोक्याची वाट धरतं, कारण अपयश त्यालाच जास्त महाग पडतं. बोर्द्यू आणि पासरों (१९७०) या दुसऱ्या दोन फ्रेंच समाजशास्त्रज्ञांचा रोख शाळेवर आहे: समाजातल्या वरच्या वर्गाच्या घरातली भाषा आणि रीतभात हीच शाळेत हुशारी ठरते. मराठी प्राथमिक शाळेतून पाचवीला एकदम इंग्रजीत गेलेल्या गोंयकाराला हे वेगळं सांगायला नको. तरी मला बुदों जास्त पटतात. ताईकडे गुण होतेच की!

मावशीचे यजमान म्हणतात, बाबांनी हिंमत केली नाही. त्यांचा मुलगा नापास झाला तेव्हा पुन्हा फी भरायला दर महिन्याचा पगार होता. आमच्याकडे काजूचा हंगाम वर्षातून एकदा. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी १९६३ नंतर गावोगावी शाळा काढल्या म्हणून आमच्या घरातली पोर दहावीपर्यंत तरी पोचली. तेव्हा तुम्हीही नुसते निकाल बघू नका. सारखे गुण मिळालेली मुलं दहावीनंतर कुठं गेली ते विचारा, आणि कुणी मेहनतीचं सांगू लागलं तर त्याची फी कोण भरत होतं तेही विचारा.

जात आणि मुलगी असणं मी इथं वेगळं काढलेलं नाही. बुदोंचा भर सामाजिक वर्गावर आहे. मुलगा असता तर बाबांनी कर्ज काढलं असतं, असं ताई स्वतःच म्हणते.