भिंत एवढी पांढरी नसते हो! वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मी इंटिरिअर डिझायनर आहे. व्ही-रे या रेंडरिंगच्या (मॉडेलवरून फोटोसारखं चित्र काढायच्या) सॉफ्टवेअरमध्ये एकेका फ्रेमला रात्र जायची म्हणून अनरियल एंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या, लगेच चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आले. स्केचअपमध्ये काढलेलं २ बीएचकेचं थ्रीडी मॉडेल डेटास्मिथ या प्लगइनने आत घेतलं, लुमेन (अनरियलमधली उजेडाचा हिशेब करणारी सोय) चालू केलं, टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची पृष्ठभागाची चित्रं) पण महागातली घेतली, तरी सगळं प्लास्टिकचं दिसतंय, गेमसारखं. क्लायंट म्हणतो "कार्टून वाटतंय". काय चुकतंय? – नाशिकच्या एक वाचक

ताई, टेक्स्चर राहू द्या बाजूला, आधी भिंतीचा रंग उघडून बघा, पैजेवर सांगतो की पूर्ण पांढरा टाकलाय, म्हणजे १.०, पडलेला सगळा उजेड परत टाकणारा. अशी भिंत जगात कुठेच नसते, नवाकोरा पांढरा डिस्टेंपर सुद्धा साधारण ८० टक्के उजेड परत टाकतो, बाकीचा गिळतो. आता गणित बघा, ०.८ ची भिंत असेल तर उजेड पाच वेळा आपटून एक तृतीयांशच उरतो, त्यामुळे कोपरे आपोआप मऊ काळवंडतात, सोफ्याखाली अंधार साठतो. भिंत १.० असेल तर काही गिळलंच जात नाही, उजेड फिरत राहतो आणि सगळी खोली ट्यूबलाइटमध्ये धुतल्यासारखी सपाट होते. म्हणून पांढऱ्याला ०.७५ ते ०.८ आणि काळ्याला पण अगदी शून्य नको, ०.०३ च्या आसपास ठेवा.

दुसरं म्हणजे सूर्य. अनरियलमध्ये डीफॉल्ट सूर्य अगदी थोड्या लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) असतो आणि खऱ्या दुपारच्या उन्हाचा उजेड १ लाख लक्सच्या घरात जातो, घरातल्या दिव्यांनी मात्र हॉलमध्ये कसेबसे १००-२०० लक्स मिळतात. हे प्रमाण बिघडलं की खोली अंधारी वाटते, मग आपण छताला चार खोटे लाइट लावतो, मग सावल्या गायब, मग परत कार्टून. सूर्याला खरा आकडा द्या, ऑटो एक्सपोजर (कॅमेऱ्याने आपोआप उजेड कमी-जास्त करणं) बंद करून मॅन्युअल करा, बाहेरच्या उन्हाला ईव्ही, म्हणजे एक्सपोजरचा आकडा, १५ च्या जवळ आणि दिवसा घरात ७-८. खिडकी जळलेली, म्हणजे पांढरीफटक दिसेल, दिसू दे! मोबाइलने हॉलचा फोटो काढलात तरी खिडकी जळतेच की.

आणि रफनेस, म्हणजे पृष्ठभाग किती खरखरीत नि किती चकचकीत ते ठरवणारा आकडा. हे माझं आवडतं दुखणं आहे त्यामुळे जरा लांबण लावतो. तुमचा कडप्प्याचा ओटा सगळीकडे एकसारखा चमकत असणार, कारण रफनेसला एकच आकडा दिलाय. स्वतःच्या स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला डोळा लावून तिरकं बघा, शेगडीपाशी तेलाचा हात फिरून फिरून वेगळीच चकाकी आलेली असते, सिंकपाशी पाणी वाळल्याचे पांढुरके डाग, आणि कड, जिथे आपण पोट टेकून उभे राहतो, तिथे पॉलिश गेलेलं. रंग सगळा तोच, फक्त चमक बदलते, आणि डोळा तेच पकडतो. रफनेसला एका आकड्याऐवजी फिकट डागांचा मॅप (जागोजागी चमक बदलणारं चित्र) लावा, फार नको, शोधल्याशिवाय दिसू नये इतपत. जाता जाता प्रत्येक कडेला २-३ मिलिमीटरची गोलाई द्या, ब्लेडसारखी धार असलेलं टेबल सुताराकडून कधी आलंय का? त्या गोलाईवर उजेडाची बारीक रेघ उमटते आणि वस्तू जड वाटायला लागते.

प्रश्न : लुमेनमध्ये छत आणि भिंत जुळते तिथून उजेड गळतो, कोपऱ्यात काहीतरी चुळबुळतं. ग्राफिक कार्ड कमी पडतंय का? – एक वाचक, कोल्हापूर

कार्ड नाही, भिंत पातळ आहे. स्केचअपमध्ये आपण भिंत म्हणून एक नुसता पडदा काढतो, जाडी शून्य. लुमेनचं सॉफ्टवेअर रे ट्रेसिंग (ग्राफिक कार्डातल्या खास भागाशिवाय उजेडाच्या किरणांचा माग काढणं) तुमचं मॉडेल जसंच्या तसं बघत नाही, त्याची एक ढोबळ आवृत्ती करून त्यावर किरण सोडतं, त्यामुळे भिंत निदान १० सेंटिमीटर तरी हवी. गंमत म्हणजे आपल्या फ्लॅटमधली आतली ४ इंची भिंत बरोबर तेवढीच भरते, म्हणजे खरं घर काढलंत तर अडचणच नाही. अख्खी खोली एकाच मेशमध्ये (एकसंध थ्रीडी आकारात) पण आणू नका, भिंती, स्लॅब, फरशी वेगवेगळं ठेवा. लुमेन सीन नावाचा व्ह्यू आहे तो लावून बघा, जिथे काळे नाहीतर गुलाबी ठिगळ दिसेल तिथे दुखणं आहे.

आरसा आणि काच हा वेगळा विषय. बाथरूमचा आरसा सॉफ्टवेअर ट्रेसिंगमध्ये धुरकटच येणार, त्याला हार्डवेअर रे ट्रेसिंग, म्हणजे कार्डातल्या खास कोअरवर चालणारं, लागतं. फक्त ब्रोशरसाठी चार फोटोच हवे असतील तर सरळ पाथ ट्रेसर (सावकाश पण अचूक किरण मोजणारा अनरियलमधला पर्याय) लावा, थोडं थांबावं लागतं पण वाद मिटतो.

प्रश्न : सर, आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपला जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्ड, ४ जीबी. अनरियल शिकू का नको? – विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

शीक की! या कार्डात रे ट्रेसिंगचे कोअर नाहीत, मेमरी पण कमी, म्हणून लुमेनच्या मागे लागू नकोस, लाइट बेक कर, म्हणजे उजेड-सावली आधीच मोजून लाइटमॅप नावाच्या चित्रात साठवून ठेव. तो एकदा भाजून ठेवला की खोली गरीब लॅपटॉपवर पण फिरते, तोटा एवढाच की सोफा हलवला की परत भाजायचं. ट्विनमोशन (अनरियलवरच चालणारं, आर्किटेक्टसाठीचं सोपं सॉफ्टवेअर) आणि अनरियल दोन्ही तुला फुकट आहेत, २०२४ पासून सीटचे (दर वापरणाऱ्यामागचे) पैसे वर्षाला १० लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्या कंपन्यांनाच लागतात, तिथवर पोचलास की पार्टी दे.

प्रश्न : आमची छोटी बिल्डर फर्म आहे. वॉकथ्रू (घरातून फिरवून आणणारा थ्रीडी व्हिडिओ) बघून बुकिंग केलेले एक काका पझेशनला भांडले, म्हणे हॉल एवढा नव्हता आणि बाल्कनीत ऊन पण येत नाही. आम्ही मापं खरीच टाकली होती. – पुणे

मापं खरी असतील, पण कॅमेरा? अनरियलमधल्या साध्या कॅमेऱ्याचा व्ह्यू ९० अंशांचा असतो, म्हणजे १८ एमएमची लेन्स, त्यात खुराडं पण बँक्वेट हॉल दिसतं. सिने कॅमेरा (अनरियलमधलाच, खऱ्या लेन्सचे आकडे घेणारा) घ्या, २४ ते २८ एमएम, उंची दीड मीटर, आणि कॅमेरा खोलीच्या आतच, भिंत लपवून मागे सरकायचं नाही.

ऊन तर फुकट मिळतं. सन पोझिशनचं प्लगइन चालू करा, पुण्याचे अक्षांश १८.५, रेखांश ७३.८५, टाइमझोन ५.५, आणि आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमधला उत्तरेचा बाण बघून नॉर्थ फिरवा, हा बाण कुणीच बघत नाही! मे महिन्याच्या मध्यात पुण्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन शिरतच नाही, डिसेंबरात तोच सूर्य दुपारी ४८ अंशांवर उतरतो आणि ऊन पार आतपर्यंत येतं. दोन्ही दाखवा. रेराच्या, म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या २०१६ च्या स्थावर मालमत्ता कायद्यात कलम १२ आहे, जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई बिल्डरवर येते, तेव्हा वॉकथ्रू म्हणजे नुसती सजावट असं समजू नका.

शेवटचं, बेडरूममधला बेड मोजा. लायब्ररीतून ओढलेला बेड खोलीत बसत नाही म्हणून कुणीतरी ८५ टक्क्यांवर स्केल केलेला असतो, हे सर्रास चालतं. ६ बाय साडेसहा फूट ठेवा आणि वॉर्डरोबचं दार उघडून दाखवा. नाही उघडलं तर स्लायडिंग करा, काका आधीच बघतील.