खांडसहून भीमाशंकर एका दिवसात: शिडी घाट की गणेश घाट?

कर्जतजवळच्या खांडस गावातून भीमाशंकरला चढायच्या या दोन वाटा. समजा तुम्ही चौघे, त्यातल्या दोघांचा पहिलाच ट्रेक, नोव्हेंबरातला रविवार, मुंबईहून निघून रात्री घरी. तर गणेश घाट. चढताना आणि उतरतानाही.

शिडी घाटाने तासभर वाचतो, हे खरं. पण तिथे भीती शिड्यांची नाही, शिडी संपल्यावरच्या कातळाची. एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला नुसती हवा. चढताना निभावतं, उतरताना पाय कुठे टेकतोय तेच दिसत नाही. पावसाळ्यात तर तिकडे फिरकूच नका. गणेश घाटाची वाट लांबलचक आणि जरा कंटाळवाणी आहे, पण पदरगडाचे सुळके सोबतीला असतात. आणि कंटाळ्याने कुणाचा पाय मोडत नाही.

आता वेळेचं. बहुतेक जण ‘किती वाजता निघायचं’ यावर डोकं चालवतात. मी उलटीकडून मोजते. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण झाडीत अर्धा तास आधीच काळोख होतो. उतरायला साडेतीन तास धरा. म्हणजे दुपारी दोनला देवळाकडून पाठ फिरवायची, दर्शन झालेलं असो वा नसो. चढायला नवख्यांना पाच तास. जवळजवळ तीन हजार फूट चढायचंय, त्यात शेवटचा टप्पा दाट जंगलातला. वर थोडा वेळ हवा तर सकाळी सातला खांडसमधून पाय उचलला पाहिजे. पहाटेच्या लोकलने कर्जतला उतरून, कशेळेमार्गे टमटमने खांडस गाठेपर्यंत हे गणित कोलमडतं. म्हणून शनिवारी रात्रीच खांडसमध्ये मुक्काम करा. आधी सांगितलं तर गावात कुणाच्या तरी घरी जेवणाचीही सोय होते.

हे दोन वाजताचं खूळ माझ्या डोक्यात उगाच आलेलं नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही वर जेवायला बसलो, गप्पा रंगल्या, आणि निघालो पावणेचारला. पाच जणांत मिळून बॅटरी एक, तीही मोबाइलची. पदर म्हणजे डोंगराच्या मधली सपाटी, तिच्या वरच्या रानात कधी वाट सोडली ते कळलंच नाही. कळलं ते पायांना. मळलेल्या वाटेवर पानांचा पार भुगा झालेला असतो. आमच्या पायाखाली पानं अख्खी होती, पापडासारखी मोडत होती. दहा पावलांवर कारवीची भिंत. तसेच मागे फिरलो, भुगा लागेपर्यंत. पदरावरच्या झोपडीत चहावाले काका आवराआवर करत होते. एक शब्द बोलले नाहीत, मुलाला बॅटरी घेऊन आमच्या पुढे धाडला. तेव्हापासून माझ्या ग्रुपमध्ये माणशी एक हेडटॉर्च.

पाणी माणशी तीन लिटर. पदरावर विहीर आहे, पण तिच्या भरवशावर बाटल्या कमी करू नका. खायला धपाटे, गूळ-शेंगदाणे, काकडी, आणि ओआरएसची दोन पाकिटं. वेफर्स नकोत, तहान लागते आणि पिशव्या रानात उडतात. बूट नवे कोरे असतील तर आधी आठवडाभर घरात घालून फिरा.

हे अभयारण्य आहे, ब्लूटूथ स्पीकर घरीच ठेवा. (यावर मी वाद घालत नाही, थेट भांडते.) शांत चाललात तर शेवटच्या टप्प्यात शेकरू दिसायची बरीच शक्यता. वर बघत चालायची गरज नाही. आधी फळांच्या सालींचे तुकडे टपटप अंगावर पडतात, मग मान वर करायची: तांबूस-तपकिरी पाठ, फिकट पोट, आणि अंगापेक्षा लांब शेपटी फांदीवरून खाली लोंबत असते.

देवळात वेळ मिळालाच तर पोर्तुगीज घंटा बघा. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकल्यावर आणलेल्या घंटांपैकी ती एक, असं सांगतात. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र सोडून जा, नाहीतर तुमचे दोन रांगेतच वाजतील.

कुणाचा गुडघा कुरकुरायला लागला तर त्याला उतरवू नका. वरून पुण्याला एसटी आहे. सोबत एक जण देऊन त्याला तिकडून पाठवा, पुण्याहून रेल्वेने मुंबई. स्वतःची गाडी खांडसमध्ये लावली असेल तर चालवणारे दोन जण हवेत, ते याचसाठी.

गाडी नसेल तर संध्याकाळी खांडसमधून बाहेर पडायला वाहन मिळेलच असं नाही. शनिवारी ज्या टमटमने याल, त्याच्याकडूनच नंबर घ्या आणि रविवारी सहाला यायला सांगून ठेवा. रविवारी पदरावर रेंज मिळाली की त्याला आठवण करा, मिळेलच असं नाही.